राखणदाराचें कर्तव्य कोठें संपतें?

एखादें काम चांगल्या हेतूनें आरंभिलें, तें चांगल्या रीतीनें चालविलें, आणि तें सिद्धीसही गेलें. परंतु त्याच्याच पोटीं दुसऱ्या कोणाची हानि उत्पन्न झाली, तर त्या हानीचा जाब कोणी द्यावा? हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवसांपासून अस्वस्थ करीत आहे. वाईट हेतूनें केलेल्या कामाचें फळ वाईट निघालें, तर त्यांत विचार करण्यासारखें फारसें नसतें. तेथें दोषी कोण हें लहान मूलही सांगेल. परंतु जेथें कोणीही दुष्ट नाहीं, आणि तरीही एकाचें ताट रिकामें झालें आहे, तेथें न्याय करणें फार कठीण जातें.

आमच्या लहानपणची एक गोष्ट येथें सांगतों. आमच्या गांवाच्या पूर्वेस मोठें गायरान होतें. एका अवर्षणाच्या वर्षीं शेजारच्या दोन गांवांचीं गुरें चाऱ्यावांचून केवळ हाडांचे सांपळे झालीं. तेव्हां वडील मंडळींनीं बसून ठरविलें कीं, आपलें गायरान त्यांस मोकळें करावें. तें करणें धर्माचेंच होतें, आणि आजही आम्ही त्यास नांवें ठेवीत नाहीं. परंतु किती गुरें, किती दिवस, आणि पाऊस पडल्यावर त्या जमिनीस किती काळ विसावा द्यावयाचा, हें कोणी ठरविलें नाहीं. पुढील वर्षीं पाऊस पडला, पण गवत उगवलें नाहीं. मुळेंच उरलीं नव्हतीं. ज्यांच्या घरीं कडब्याच्या गंजी होत्या त्यांचें कसेंबसें निभावलें. ज्या विधवेच्या घरीं एकच शेळी होती, तिनें ती विकली. त्या वर्षींची दया खोटी नव्हती; परंतु तिनें दार उघडलें आणि ती दारापाशींच थांबली, कुरणापर्यंत गेली नाहीं.

ही गोष्ट आम्ही जवळजवळ विसरलों होतों. परंतु लक्षद्वीप बेटांच्या समुद्रांत गेल्या कांहीं दशकांत काय घडलें याची हकीकत वाचतांना ती पुन्हां डोळ्यांपुढें उभी राहिली. ती हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवितों, कारण तिच्यांत वरील प्रश्न आमच्या गायरानापेक्षां अधिक स्पष्ट दिसतो.

आमचे बहुतेक वाचक समुद्रापासून दूर राहणारे असल्यामुळें प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, समुद्राच्या तळाशींही कुरणें असतात. विहिरीच्या पायऱ्यांवर जें हिरवें, बुळबुळीत शेवाळ धरतें, त्याच्याच जातीचीं अनेक शेवाळें समुद्रांत वाढतात. त्यांस खरीं मुळें नसतात आणि फुलेंही येत नाहींत. परंतु समुद्रगवत हें त्याहून निराळें आहे. तें आपल्या शेतांतील गवताप्रमाणें खरी वनस्पति आहे. त्यास मुळें असतात, वाळूखालून हरळीसारखें सरपटत जाणारें खोड असतें, पाण्याखालींच फुलें येतात व बीं धरतें. जेथें पाणी उथळ व स्वच्छ आहे आणि सूर्यप्रकाश तळापर्यंत पोंचतो, तेथें तें दाट माजतें. त्याचीं मुळें वाळू धरून ठेवितात, पानें लाटांचा जोर मोडतात, आणि त्या पानांच्या आडोशास माशांचीं पिलें लहानाचीं मोठीं होतात. म्हणून जें गवत मनुष्य कधीं खात नाहीं, त्याच गवतावर पुष्कळ मनुष्यांचें जेवण अवलंबून असतें.

लक्षद्वीप हीं केरळच्या किनाऱ्यापासून सुमारें २०० ते ४४० किलोमीटर दूर, अरबी समुद्रांत पसरलेलीं प्रवाळाचीं बेटें आहेत. सर्व बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. लोकवस्ती फक्त दहा बेटांवर आहे, आणि २०११ सालच्या शिरगणतींत ती ६४,४७३ भरली होती. एकेका बेटाच्या बाजूस प्रवाळाच्या कड्यानें वेढलेलें उथळ, शांत पाणी असतें. बाहेरचा समुद्र खवळलेला असला तरी आंतलें पाणी तळ्यासारखें निवांत असतें. त्या पाण्यांतच समुद्रगवताचीं कुरणें होतीं. येथील मासेमारांचा मुख्य धंदा खोल समुद्रांतील कुपा, म्हणजे टूना मासा, धरण्याचा आहे. परंतु घरच्या कालवणासाठीं लागणारे मासे, विशेषेंकरून ज्याची मोठी नाव नाहीं त्याचे मासे, ह्या आंतल्या पाण्यांतूनच येतात.

त्याच कुरणांत चरणारें एक जनावर आहे, तें म्हणजे हिरवें समुद्रकासव. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें ज्या कासवांचीं अंडीं २००२ सालापासून गांवकरी राखीत आले आहेत, तीं निराळ्या जातीचीं. तीं खेंकडे, शिंपले असें खातात. हें कासव मात्र वयांत आल्यावर बहुधा गवत व शेवाळ खाऊन राहतें, आणि त्याच्या आंतील चरबीस हिरवट रंग असतो म्हणून त्यास तें नांव पडलें. पूर्वीं बेटांवर ह्या कासवांची शिकार होत असे, आणि त्यांची चरबी होड्यांच्या लाकडास लावीत, म्हणजे लाकूड टिकत असे. जगांत सर्वत्र ह्या मुक्या प्राण्याची अशीच गत झाली. १५०३ सालीं कोलंबस कॅरिबियन समुद्रांतील दोन बेटांपाशीं आला, तेव्हां तेथें इतकीं कासवें दिसलीं कीं त्यानें त्या बेटांस कासवांचेंच नांव दिलें. पुढें खलाशांनीं तीं जिवंत जहाजांत भरून नेलीं, आणि कांहीं पिढ्यांत तीं तेथें दुर्मिळ झालीं. बर्म्यूडा बेटावर तर १६२० सालींच लहान कासवें मारूं नयेत असा कायदा करावा लागला. म्हणजे नाशाची जाणीव नवी नाहीं. तीस चारशें वर्षें होऊन गेलीं.

आपल्या देशांत १९७२ सालीं वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि पुढें समुद्रकासवांस त्याचें कडक संरक्षण मिळालें. लक्षद्वीपांत शिकार थांबली. हें कासव वयांत येण्यास वीस-पंचवीस वर्षें, कधीं त्याहूनही अधिक लागतात. म्हणून ह्या दयेचें फळ दिसण्यास एक पिढी जावी लागली. परंतु तें दिसलें. ह्या शतकाच्या आरंभीं अगत्ती बेटाच्या आंतल्या पाण्यांत हिरव्या कासवांचे एवढे कळप जमूं लागले कीं पाहणारे चकित झाले. सर्व जगांतही ह्या जातीची स्थिति सुधारत गेली, आणि २०२५ सालीं जागतिक सूचींत तिचें नांव संकटांतील प्राण्यांतून काढून निर्धास्त प्राण्यांत घातलें गेलें. जे लोक ह्या कामासाठीं झिजले, त्यांस ही वार्ता ऐकून आनंद झाला असेल, आणि तो योग्यच होता.

आतां दुसरी बाजू ऐका. अगत्तीच्या पाण्यांत जाऊन अभ्यासकांनीं गवत मोजलें. त्यांस असें आढळलें कीं, पानें आंखूड झालीं आहेत, गवत विरळ झालें आहे, आणि त्यास फुलें येण्याचें प्रमाण फारच घटलें आहे. त्यांनीं कुरणाच्या कांहीं तुकड्यांवर पिंजरे बसविले, जेणेंकरून कासवांस तेथें चरतां येऊं नये. त्या पिंजऱ्यांच्या आंत गवत पुन्हां वाढूं लागलें. बाहेर तें खुरटलेलेंच राहिलें. ह्यावरून हें काम चरण्याचेंच आहे याविषयीं शंका उरली नाहीं. पूर्वीं तेथें रुंद पानांची, सावकाश वाढणारी व दीर्घकाळ टिकणारी जात मुख्य होती. ती मागें पडली आणि लवकर वाढणाऱ्या दुसऱ्या जातीनें तिची जागा घेतली. पुढें तीही चरून संपत आली. तेव्हां कासवें तेथून निघून दुसऱ्या बेटाच्या कुरणाकडे गेलीं, आणि तेथें तोच क्रम पुन्हां घडला. अनेक वर्षांच्या पाहणीनंतर २०२१ सालीं जो वृत्तांत प्रसिद्ध झाला, त्याचें तात्पर्य असें कीं, एकामागून एक बेटांचीं कुरणें अशा स्थितीस पोंचलीं कीं, तीं नांवाला उरलीं, कामाला उरलीं नाहींत.

गवत गेलें तसे गवतांत राहणारे मासे कमी झाले. अगत्तीचे मासेमार हें पूर्वींपासूनच सांगत होते. ते म्हणत कीं, कासवांनीं आमचे मासे घालविले आणि आमचीं जाळीं फाडिलीं. ऐकणाऱ्यांस प्रथम तें अज्ञानाचें बोलणें वाटणें साहजिक आहे. गवत खाणारें कासव मासे कसे घालवील? परंतु अभ्यासकांनीं पाहिलें तेव्हां मासेमारांचें म्हणणें निराधार नव्हतें असेंच निघालें. कासव मासे खात नाहीं, पण माशांचें घर खातें. आणि राग अनावर होऊन कांहीं मनुष्यांनीं गुपचूप कासवें मारिलीं व अंड्यांची नासधूस केली, हेंही त्या अभ्यासांत नमूद आहे.

तर वाचकहो, आतां न्याय करा. येथें अपराधी कोण?

कोणी म्हणेल, कासव. परंतु कासव आपल्या निर्माणकर्त्यानें त्यास दिलेलें अन्नच खात आहे. त्यास हिशेब ठेवण्याची बुद्धि दिलेली नाहीं, म्हणून त्याजकडे हिशेब मागणें अयोग्य आहे.

कोणी म्हणेल, मासेमार. अंधारांत जाऊन संरक्षित प्राण्यास मारणें हें खचित चुकीचें आहे, आणि आम्ही त्यावर पांघरूण घालीत नाहीं. परंतु त्याचें कृत्य एक आणि त्याची साक्ष दुसरी. त्याच्या कृत्याबद्दल त्यास दोष देतांना त्याची खरी साक्षही खोटी ठरविणें, हा त्याजवर झालेला दुसरा अन्याय होय. ज्याच्या पोटास चिमटा बसतो त्यास दुखणें आधीं कळतें. तें का झालें हें तो नीट सांगूं शकला नाहीं, एवढ्यावरून दुखणेंच नाहीं असें म्हणूं नये.

कोणी म्हणेल, कायदा. त्यानें कासव राखिलें नसतें तर गवत राहिलें असतें. परंतु असें म्हणणें म्हणजे आमच्या गांवच्या मंडळींनीं शेजाऱ्यांचीं गुरें मरूं द्यावयाचीं होतीं असें म्हणण्यासारखें आहे. जो प्राणी जगांतून नाहींसा होऊं पाहत होता, त्यास वांचविणें हें पाप ठरूं शकत नाहीं.

येथें एक अधिक खोल आक्षेप निघतो, आणि तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. कोणी चतुर मनुष्य विचारील कीं, तें दाट गवत तरी मुळांत कोठून आलें? कासवें मारून मारून कमी झालीं, म्हणूनच कदाचित् गवत एवढें माजलें असेल. आजोबांनीं जें कुरण पाहिलें तें निसर्गाचें मूळ रूप नसून शिकारीनेंच घडविलेलें रूप असेल. मग आतां तें गेलें तर हानि कसली?

ह्या आक्षेपांत बरेंच सत्य आहे. प्रत्येक पिढी आपल्या बालपणीं जें पाहते तेंच मूळचें व बरोबर असें मानते. १९९५ सालीं डॅनियल पॉली नांवाच्या मत्स्यशास्त्रज्ञानें हीच गोष्ट मासेमारीविषयीं दाखवून दिली, कीं प्रत्येक पिढीचें माप आधींच्या पिढीहून खालीं सरकत जातें आणि कोणास तें कळतही नाहीं. परंतु आक्षेपकाचें उत्तर अर्धेंच आहे. जुन्या काळीं समुद्रांत कासवें पुष्कळ होतीं हें खरें; पण तेव्हां मोठ्या मुशीही, म्हणजे शार्क मासेही, पुष्कळ होत्या. ऑस्ट्रेलियाच्या शार्क उपसागरांत असें दिसून आलें आहे कीं, जेथें मुशीचें भय असतें तेथें चरणारे प्राणी एकाच जागीं ठाण मांडून बसत नाहींत. भय त्यांस फिरतें ठेवितें, आणि गवतास विसावा मिळतो. मनुष्यानें मुशी मारल्या आणि कासव मात्र राखिलें. त्याशिवाय १९९८, २०१० व २०१६ ह्या वर्षीं समुद्र तापून लक्षद्वीपचें प्रवाळ मोठ्या प्रमाणांत पांढरें पडलें. अशा रीतीनें जुन्या घराचा एक खांब परत उभा केला, पण दुसरा पाडलेलाच ठेविला. मग छप्पर एका बाजूस कललें तर नवल काय? आणि ही हानि अखेरीस कासवांचीही आहे. इंडोनेशियांतील देरावान बेटापाशीं असें पाहण्यांत आलें कीं, पानें संपल्यावर हींच कासवें वाळू उकरून मुळें व खोडें खाऊं लागतात. जो आपलें बीं खातो त्याचें पुढील वर्ष कसें जाईल हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं.

तर मग आमचें उत्तर काय? आमच्या मतें येथें अपराध कोणाच्या कृत्यांत नसून सर्वांच्या थांबण्यांत आहे. राखणदारानें एक वस्तु राखिली आणि आपलें काम संपलें असें समजून तो घरीं गेला. परंतु कोणतीही वस्तु एकटी नसते. कासव राखणें म्हणजे त्याचें कुरण राखणें, त्या कुरणावर लक्ष ठेवणारी मुशी राखणें, आणि त्याच कुरणावर जगणाऱ्या मनुष्याचें ताट राखणें. चांगलें काम केल्यानें मनुष्य कर्तव्यांतून मोकळा होत नाहीं. उलट त्या कामापासून जें जें निपजेल त्याचा तो कारभारी होतो. कारभाऱ्यास धन्यानें एकच नाणें नव्हे तर सर्व घर सोंपविलेलें असतें, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

ह्यापासून तीन गोष्टी निघतात असें आम्हांस वाटतें.

पहिली ही कीं, दयेबरोबर मोजमाप असलें पाहिजे. मोजणें हें दयेच्या विरुद्ध आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु ज्यांनीं पाण्याखालीं जाऊन एकेक पान मोजलें, त्यांच्यामुळेंच ही हानि जगास कळली. न मोजलेली दया पुष्कळदां दुसऱ्याच्या गांठोडींतून खर्च होते.

दुसरी ही कीं, सर्वांच्या हिताचें ओझें एकट्या गरिबाच्या खांद्यावर पडूं नये. कासव वांचलें याचा आनंद दूरच्या शहरांतील लोकांस झाला. त्याची किंमत मात्र अगत्तीच्या लहान होडीवाल्यानें भरली, आणि ती भरतांना त्यास कोणी विचारिलें नाहीं. ज्याच्या दारांत आपण दया करतों, त्याच्याशीं आधीं बोलावें, आणि त्याचें नुकसान झालें तर तें आपलें समजावें. हें केलें असतें, तर कदाचित् कोणी अंधारांत कासवावर हात उचलला नसता.

तिसरी ही कीं, चूक सुधारल्याबरोबर फळ मागूं नये. हवाई बेटांतील कानेओहे उपसागरांत गांवचें घाण पाणी सोडलें जात असे, आणि त्या खतावर एक जातीचें शेवाळ इतकें माजलें कीं त्यानें प्रवाळ झांकून टाकिलें. १९७७-७८ सालीं तें पाणी दुसरीकडे वळविलें. शेवाळ कांहींसें कमी झालें, पण गेलें नाहीं. तें खरोखर नाहींसें झालें २००६ सालीं, दीर्घकाळ ढगाळ पावसाळी हवा पडल्यानंतर. जवळजवळ तीस वर्षें! ज्यांनीं नळ वळविला त्यांतील कित्येकांनीं फळ पाहिलेंही नसेल. परंतु त्यांनीं नळ वळविला नसता तर तो दिवस आलाच नसता. 

अमेरिकेंत व्हर्जिनियाच्या किनारी बेटांआडच्या उपसागरांतही असेंच झालें. १९३० च्या सुमारास आलेल्या रोगानें आणि १९३३ सालच्या वादळानें तेथील समुद्रगवत समूळ गेलें, आणि सुमारें सत्तर वर्षें तो तळ उघडाच राहिला. १९९९ सालापासून कांहीं मनुष्यांनीं तेथें बीं पेरण्यास आरंभ केला. वीस वर्षांत त्यांनीं सात कोटींहून अधिक बीजें टाकिलीं. पेरणी झाली सुमारें दोनशें हेक्टरांत. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत गवत सुमारें ३६०० हेक्टरांवर पसरलेलें होतें. मनुष्यानें थोडें पेरलें, बाकीचें त्या गवतानें आपण होऊन केलें. लक्षद्वीपांतही असेंच होईल असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें चरणारीं तोंडें अजून आहेत, आणि पेरण्याआधीं त्यांचा विचार करावा लागेल. परंतु उघडा पडलेला तळ कायमचाच उघडा राहतो, असें मानून हातपाय गाळण्याचें कारण नाहीं.

आपल्यापैकीं बहुतेकांस लक्षद्वीपास जाण्याचा योग येणार नाहीं. परंतु कुरण प्रत्येक गांवीं आहे, आणि दयेचीं कामेंही प्रत्येक मंडळींत चालतात. कोणी अनाथ मुलास घरीं आणिलें. त्याच्या येण्यानें आपल्या धाकट्या मुलीच्या वांट्याचें दूध कमी झालें काय, हें कोणी पाहिलें? गांवानें विहीर सर्वांस मोकळी केली, हें उत्तम. उन्हाळ्यांत पाणी आटलें तेव्हां शेवटची घागर कोणाची रिकामी राहिली, हें कोणी विचारिलें? असें विचारणें म्हणजे चांगल्या कामास खो घालणें नव्हे. त्या कामास शेवटापर्यंत नेणें होय.

आमच्या गांवचें गायरान आज पुन्हां हिरवें आहे. पुढें अनेक वर्षांनीं मंडळींनीं त्याचा अर्धा भाग आळीपाळीनें बंद ठेवण्याचा नेम केला, आणि शेजारच्या गांवांचीं गुरें अजूनही टंचाईंत तेथें येतात. दार बंद झालें नाहीं; फक्त दारापाशीं आतां एक मनुष्य बसतो, आणि तो मोजतो. त्या विधवेची शेळी मात्र परत आली नाहीं.